चुकीच्या गळ्यातला हार

नागपूर स्टेशनवर मी चुकीच्या माणसाच्या गळ्यात हार घातला.

एकाहत्तर सालचा श्रावण होता. धरमपेठेतल्या आमच्या मोहल्ल्याच्या मंदिरात सप्ताह होता आणि गोंदियाहून येणाऱ्या कीर्तनकारबुवांना उतरवून घ्यायचं काम चिटणीस म्हणून माझ्याकडे होतं. त्या वर्षी माझी बढती हुकली होती, त्यामुळे देवाशी माझं जवळजवळ बोलणं बंद होतं. मंदिरात जायचो ते किल्ल्या सांभाळायला. हावड्याकडची गाडी आली. डब्यातून एक म्हातारा उतरला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गंध, खांद्याला मृदंग. मी हार घातला आणि भर फलाटावर त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. पायांवर डोकं ठेवल्यावर नाव विचारायची आपल्यात पद्धत नाही. तो गोंधळून काहीतरी बोलत राहिला. मोठी माणसं असंच न कळणारं बोलतात, म्हणून मी मान डोलावली. मागोमाग त्याची बायको आणि सून उतरल्या. बुवा सहकुटुंब आले म्हणत मी सगळ्यांना रिक्षांत घालून मंदिरात आणलं. बुवांसाठी झाडून ठेवलेल्या खोलीत सून आडवी झाली, तेव्हा माझ्या बायकोनं तिच्या कपाळाला हात लावला.

"अंग भाजून राहिलं हिचं. अन् दिवस भरत आले. हे कुठले बुवा आणले तुम्ही?"

मोडक्या हिंदीत उलगडा झाला. पूर्व बंगालातून जीव वाचवून निघालेली ही माणसं. रायपूरच्या छावणीत जायचं होतं, पण सुनेच्या तापाच्या गडबडीत रायपूर मागे गेलं. मुलगा कुठे आहे असं विचारलं, तर म्हातारा मृदंगाच्या वाद्या आवळत बसला. समोर ताट ठेवलं, ते त्यानं हातानं सरकवलं. "भीख नहीं लेगा, बाबू. शाम को गाएगा, तब खाएगा."

दुपारी मंदिराचे अध्यक्ष आले. "हे मंदिर आहे का सराय? संध्याकाळच्या गाडीत बसवून द्या यांना." अकरा वर्षं त्यांच्या प्रत्येक वाक्याला मी 'हो जी' म्हटलं होतं. दाराच्या फटीतून ती पोर दिसत होती. तिला गाडीत घातलं असतं तर ती रायपूरपर्यंत जिवंत पोचली नसती. तोंडातून निघून गेलं, "हार घालून आणलेला पाहुणा मी हाकलणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे. चिटणीस दुसरा बघा!" मोठ्या तोऱ्यात किल्ली खिशात टाकली. खिसा फाटका होता. ती पायजम्यातून खणकन अध्यक्षांच्या पुढ्यात पडली. बायकोनं ती उचलून कमरेला खोचली. "आता मागा म्हणा मले!" कोणी मागितली नाही.

संध्याकाळी खरे बुवा पॅसेंजरनं आले, स्टेशनवर कोणी नाही म्हणून पेटलेले. मी खांबाआड. म्हातारा तेव्हा गात होता. शब्द कळत नव्हते, पण मंडपातलं कोणी हलत नव्हतं. बुवा बराच वेळ उभे राहिले, मग खाली बसून त्यांनी झांजा उचलल्या. गाणं संपल्यावर अध्यक्ष खोलीची अडचण सांगू लागले. बुवा म्हणाले, "मले मंडप पुरते. त्या पोरीले उठवाल, तर माझं कीर्तन स्टेशनवर होईन. सांगून ठेवतो."

त्या रात्री म्हातारा आमच्या पंगतीत बसून पोटभर जेवला. दुसऱ्या दिवसापासून घराघरातून बाया पाळीनं सुनेजवळ बसायला आल्या, समोरची नर्सबाई तर बोलावण्याआधीच आली. चौथ्या दिवशी मुलगी झाली. महिनाभरानं, सून हिंडू-फिरू लागल्यावर, ती माणसं आपल्या लोकांत जायला निघाली, तेव्हा पोचवायला अख्खा मोहल्ला स्टेशनवर होता. गाडीत चढण्याआधी म्हाताऱ्यानं माझ्या गळ्यात हार घातला.

देवाकडे मी बढती मागितली होती. त्यानं मला न विचारता काम दिलं, आणि हातून ते झालं, याचे उपकार मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझे बेत मी त्याच्या पायाशी ठेवतो. त्या दिवशी स्टेशनवरून घरी येताना रिक्षात मी हार कुरवाळत बायकोला म्हणालो, "इतक्या माणसांतून देवानं मलाच निवडलं बघ."

"निवडणारच," ती म्हणाली. "शहाणा माणूस धाडला असता तर त्यानं आधी नाव-गाव विचारलं नसतं का?"