समोरासमोर

चित्रकलेच्या देशमुखबाईंनी सातवीच्या मुलींना जोडीने समोरासमोर बसवलं. "आधी नुसतं बघा. पेन्सिल नंतर." मागच्या बाकावर वह्या तपासत बसलेली मीही बघू लागले. एरवी गलका करणारा वर्ग एकमेकींच्या चेहऱ्यांत रमून गेला होता.

चित्र काढता काढता सुजाता थांबली. समोरच्या वैशालीच्या गालावर भाजल्याचा व्रण होता. वैशाली तो कायम केसांनी झाकायची.

"बाई, हे काढू का?" सुजाताने हळूच विचारलं.

"मला नको, तिला विचार," म्हणून बाई पुढच्या जोडीकडे वळल्या.

सुजाताने वैशालीकडे पाहिलं. वैशालीने केस कानामागे सारले.

"नीट बघून काढ."

त्या गालाकडे आजवर कितीतरी जणांनी टक लावून पाहिलं असेल. मन लावून पाहणारी ही बहुधा पहिलीच.