वाट नसलेलं रक्त

रविवारी दुपारी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. झेब्राफिश माशाचे दोन दिवसांचे गर्भ काचेसारखे पारदर्शक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं रक्त धावताना दिसतं. आम्ही तपासत असलेलं रसायन ज्या पाण्यात घातलं होतं, त्यातल्या एका गर्भाच्या शेपटीत रक्तवाहिन्या तयारच झाल्या नव्हत्या. मी वहीत तशी नोंद केली. हृदय मात्र धडधडत होतं. रक्त पुढे कुठेच पोचत नसताना इतकं मन लावून धडधडत राहायचं, हे त्याला कुणी शिकवलं असेल?

तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला.

"जेवलीस का गं?"

"हो," मी खोटंच सांगितलं.

"सुट्टीच्या दिवशी कामावर? सोबत कुणी आहे की नाही?"

मी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

"आहे ना," म्हणाले, आणि फोन ठेवल्यावरही मला तिथून उठवेना.