रांगेत नसलेली घागर
सहकारी कारखान्याच्या मळीचा आंबूस वास आला, की मी बेचैन होते. माझ्या शाळेच्या दिवसांतल्या दुष्काळात आई-बाप ऊसतोडीला गेलेल्या आम्ही मुली कारखान्यामागच्या वसतिगृहात राहायचो. टँकर यायच्या आधी रांगेत घागरी ठेवून सावलीला बसायचो. माझ्याच खोलीतली, पारधी वस्तीवरून आलेली मैत्रीण चार दिवस गप्प होती, आणि त्या सकाळी तिची घागरच रांगेत नव्हती. मी नंबर सोडून तिला शोधायला पळाले. ती आटलेल्या विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून बसली होती. "कावून आलीस? नंबर जाईल की," ती म्हणाली. "तुजी घागर न्हाई दिसली," एवढंच मला सुचलं. मग ती मला धरून लई रडली. तिकडं टँकर येऊन गेला. आता त्याच वसतिगृहात मी मुलींना सांभाळणारी ताई आहे. नळ आलाय, रांग लागत नाही. आज कुणाची घागर नाही, हे कशावरून कळायचं, म्हणून दिवसभर खोल्याखोल्यांतून फिरत राहते.