काजळीचा डाव

वसमत मागं पडलं तसा एसटीच्या खिडकीतून शिजत्या हळदीचा वास आला आणि मी सुखावून मागे टेकले. "शिरड शहापूर आलं की सांगा," असं कंडक्टरला दोनदा बजावलं होतं, तरी डोळा लागलाच. पुढच्या फाट्यावर त्यानं उतरवलं. "आवाज दिला व्हता बाई, तुमी हललाच न्हाई," म्हणाला. रिक्षानं मागे फिरून पोचले, तर सुनंदा ती शिकवते त्या शाळेच्या फाटकात कंबरेवर हात ठेवून उभी. वसतिगृहात उशिरा येणाऱ्या मुलींकडे ती अशीच बघायची.

तिथे आम्ही तिघी एका खोलीत होतो: सुनंदा, अलका आणि मी. अलकाच्या मावसभावानं वीस बाजूंचा एक फासा आणून दिला होता. त्यावर आम्ही गुहा, राक्षस, जादूगार असा मनातला डाव मांडायचो. गोष्ट सुनंदा सांगायची, आम्ही पात्रं व्हायचो, आणि जगायचं की मरायचं ते फासा ठरवायचा. अलकाचं पात्र म्हणजे काजळी नावाची चोरटी. शिक्षण संपलं तेव्हा काजळी शेवटच्या दाराशी उभी होती. पुढच्या भेटीत उघडू, म्हणत वर्षं गेली, आणि गेल्या वर्षी अलकाच गेली. त्या डावाचं सुनंदानं आता नाटक केलं होतं आणि ते बघायला मला बोलावलं होतं.

जेवायला शेंगोळे (कुळथाच्या पिठाची तिखट, रसातली वेटोळी) होते. अलका ते खाऊन घामाघूम व्हायची आणि पुन्हा मागायची.

"शेवटच्या दाराशी फासा खराच टाकायचा," सुनंदा म्हणाली. "दहाच्या आत पडला, की काजळी मेली अन् पडदा. आज तू टाक."

"मी? काहून?"

"अलकाच्या वतीनं दुसरं कोण टाकणार?"

मी घास खाली ठेवला. "नियम बदल की गं."

"नियम म्हणजे नियम." माझा जादूगार विहिरीत बुडाला तेव्हाही हेच म्हणाली होती. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते.

संध्याकाळी बायकांना चूल सुटत नाही, म्हणून प्रयोग दुपारी, शाळेच्या पत्र्याखाली. नागपंचमीला सोंगट्या खेळता ना, तसाच हा डाव, असं सुनंदानं सुरुवातीलाच समजावलं. काजळी झालेल्या अंगणवाडीच्या रेखाताई पडद्याआडून टकटक करून म्हणाल्या, "दार उघडता, का मी उघडू?" ते अलकाचंच वाक्य होतं. खोलीत यायचं झालं की ती हेच ओरडायची. माझे डोळे भरून आले.

शेवटच्या दाराशी मला वर बोलावलं. फासा ओल्या हातातून सुटला. चार पडले.

रेखाताई हळूच आडव्या झाल्या. सुनंदानं पडद्याची दोरी धरली. मला वाटलं, अलकाला मीच दुसऱ्यांदा घालवलं.

"हां, आता काढा तिला घरातून," पुढे बसलेली शेवंताआजी म्हणाली.

"आजी, मेली ती," सुनंदा म्हणाली.

"ते दिसलं की. सोंगटी मेली म्हंजी बाद होती का? घरात जाती अन् पुन्हा निघती. तूच म्हनलीस ना, सोंगट्यावानी डाव हाय म्हून?"

"बराबर हाय!" साऱ्या बायका एकदम म्हणाल्या.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं दोरी सोडली. "रेखाताई, घरातून निघा."

रेखाताई उठल्या, लुगडं झटकून आत गेल्या. टकटक झालं. "दार उघडता, का मी उघडू?"

"उघड गं बाई!" मी ओरडले. सुनंदाही ओरडली. डाव पुन्हा पहिल्यापासून झाला. त्या दिवशी गावात चुली उशिरानं पेटल्या, पण शेवटचं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी ती मला फाट्यावर सोडायला आली. एसटी दिसली तशी म्हणाली, "तुझा जादूगार अजून विहिरीतच आहे. दिवाळीत ये, काढू त्याला."

इतकी वर्षं अशा बोलावण्याला मी "बघू" म्हणत आले. अलकालाही बघूच म्हणाले होते.

"येते," मी म्हणाले, आणि गाडी सुटायच्या आधी तिच्याकडून तारीख ठरवून घेतली.