कुडाळच्या थिएटरात आपणच हसलो

मंडळी, आज दुपारी कुडाळला एक विनोदी सिनेमा बघून आलो आणि अजून डोकं तापलेलं आहे.

सोबत माझी मामेबहीण सुमन होती. दोन वर्षांपूर्वी ती मुंबईला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेला गेली होती. गायली छान, पण बोलताना तोंडून मालवणी आलं आणि परीक्षक पोट धरून हसले. चॅनेलवाल्यांनी गाणं कापलं आणि ते हसणंच जाहिरातीत दाखवत राहिले. तेव्हापासून सुमन देवळातल्या भजनातही गात नाही.

हा सिनेमा म्हणे अशा कार्यक्रमांचीच खिल्ली उडवणारा. म्हटलं, एकदा तरी तिला त्या लोकांवर हसू दे.

कसलं काय! खिल्ली होती ती कोकणातून आलेल्या मुलीची. तिने 'माका गाऊक येता' म्हटलं की झाला विनोद. सिनेमातले परीक्षक मात्र शेवटी दिलदार निघाले. तरी थिएटरात शिट्ट्या!

मध्यंतराला मी म्हटलं, "चल गो, घराक जावया."

"नाय रे दादा, बस. मुंबयत हसले ते परके हुते. हंय कोण कोण हसतत, ता माका बघूचा आसा."

शेवटपर्यंत ती पडद्याकडे नाही, लोकांकडेच बघत राहिली.

बाहेर आमच्या वाडीतल्या काकी भेटल्या. हसून हसून त्यांचे डोळे पाणावलेले. "काय गो सुमन, मजा इली मा?"

सुमन नुसतं "होय" म्हणाली.

काकींनी विचारलं तेही मालवणीतच. मग मला सांगा, आपण आज नेमके कोणावर हसलो?