दगडाचं पाणी

गुलाबरावांना घाण सहन व्हायची नाही, आणि पोटासाठी त्यांना आयुष्यभर लोकांच्या तोंडाचंच काम करावं लागलं. मेहकरात दातांच्या एका डॉक्टरांकडे ते कवळ्या बनवायचे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घ्यायचे आणि तो मागच्या खोलीत गुलाबरावांपुढे यायचा. त्यावर थुंकी, तंबाखूचा चुरा, सुपारीची खांडं, कधी सकाळच्या भाकरीचा कण. ते सगळं नळाखाली धुवायचं, मग प्लास्टर ओतायचं, दात बसवायचे, घासून घासून चकाकी आणायची. कवळी झकास व्हायची. पण संध्याकाळी बसने लोणारला घरी आले की गुलाबराव मोरीत उभं राहून कोपरापर्यंत हात घासत बसायचे. वरण जरा दाट झालं की ताट सरकवायचे. त्यांची बायको बनाबाई म्हणायची की या माणसाशी संसार म्हणजे रोजचा दवाखाना.

एकदा बाहेरगावी जाताना डोणगावजवळ त्यांची बस बंद पडली. रस्त्याच्या कडेला नव्या विहिरीतून काढलेल्या मुरुमाचा ढीग होता. वेळ जावा म्हणून त्यांनी त्यातला एक खडा उचलून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी पेशंट नव्हते, तेव्हा कवळी कापायच्या बारीक चकतीवर त्यांनी तो धरला. वरून शेणाच्या गोळीसारखा दिसणारा खडा. आत मात्र पांढरी, निळसर, धुरकट वलयं निघाली, एकात एक, काचेसारखी स्वच्छ. गुलाबराव कितीतरी वेळ ते बघत राहिले. याला अजून कुणाचं बोट लागलेलं नाही, कुणाचा श्वास लागलेला नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. ती वस्तू त्यांना फार आवडली.

पुढे डॉक्टरांनी कवळ्या मोठ्या शहरातून करून आणायला सुरुवात केली आणि गुलाबरावांचं काम सुटलं. त्या रिकाम्या दिवसांत ते खामगावला, मुलीकडे, महामायाकडे गेले होते. तिच्या घराजवळच्या भंगारवाल्याकडे त्यांना एक जुनी लोखंडी पेटी दिसली. दगड कापायचं यंत्र होतं ते. खाली तेलाची टाकी, मधे पोलादी पातं, बाजूला दगड पकडायचा शिकंजा आणि वर झाकण. अंगठीचे खडे घासणाऱ्या एका म्हाताऱ्याचं होतं म्हणे. तो वारला आणि पोरांनी विकून टाकलं. गुलाबरावांनी ते टेम्पोत घालून लोणारला आणलं.

अंगणात झाकण उघडलं, तेव्हा बनाबाई पदर नाकाला लावून थेट रस्त्यावर गेली. टाकीत कित्येक वर्षांचं तेल आणि दगडाची पूड मुरून श्रीखंडासारखा राखाडी-हिरवा गाळ झाला होता. वर माशांचा थर. आत कुणीतरी टाकलेल्या गुटख्याच्या पुड्या, मेलेल्या पाली आणि एक घूस, जिची कातडी बोट लावताच सुटून आली. गुलाबराव भिंतीला धरून ओकले. चूळ भरली, दवाखान्यातला मास्क दुहेरी बांधला आणि पत्र्याच्या डब्याने तो गाळ उपसायला बसले. मोरीत टाकला असता तर सिमेंटसारखा बसला असता. म्हणून पोत्यांत भरून, राख मिसळून, मागच्या पडीक जागेत खड्डा करून पुरला. गल्लीतली कुत्री दोन दिवस तिथे लोळत राहिली. तो वास अंगावर घेऊन दारोदार फिरली आणि शेजाऱ्यांनी शिव्या दिल्या त्या गुलाबरावांना.

नंतरचं काम मात्र त्यांच्या हाताला ओळखीचं होतं. रॉकेलमध्ये भिजवून एकेक नट सोडवला. गंज खरवडला. बेअरिंगा पार जाम झाल्या होत्या, त्या नव्या घातल्या. पात्याची धुरा वाकलेली होती, ती मेहकरच्या लेथवर सरळ करून आणली. दगडाला हळूहळू पात्याकडे ढकलणारा स्क्रू झिजला होता. तो तसाच ठेवला, म्हणून मधेच घसरायचा आणि कापाच्या कडेला एक टवका उडायचा. टाकीत डिझेल आणि ऑइल घातलं. पहिला दगड कापला गेला तेव्हा अंगणभर डिझेलचा धूर होता. पण दोन फाकी साबणाने धुऊन, घासून, उन्हात धरल्या आणि बनाबाईसुद्धा जवळ आली.

विहिरींच्या ढिगाऱ्यांवरून दगड आणायचे, कापायचे, घासायचे, खिडकीत मांडायचे, असं वर्षभर चाललं. सरोवराच्या रस्त्यावर निवृत्तीचं रसवंतीचं दुकान होतं. त्याने खिडकीतले काप बघितले आणि म्हणाला, दुकानात ठेवतो, लांबून आलेले लोक बघतील, कुणाला हवा असला तर देईन. गुलाबरावांना बरं वाटलं. कवळीवर कुणी त्यांचं नाव विचारलं नव्हतं. फक्त, दगड कुठला आहे ते सांगत जा, असं त्यांनी बजावलं. निवृत्ती हो म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी वच्छलाबाईंचं घर होतं. शेतीवाडी, ट्रॅक्टर, मोठा ओटा. एका सकाळी गुलाबराव दूध घेऊन येत होते, तर वच्छलाबाई ओट्यावर तांब्याचा पेला घेऊन बसलेल्या. त्यांनी स्वतःहून हाक मारली. गुडघे आता हलके वाटतात म्हणाल्या. रात्रभर दगड पाण्यात ठेवायचा आणि सकाळी ते पाणी प्यायचं. निवृत्तीकडून आणला होता. आभाळातून पडलेला लोणारचा दगड, कुठल्याही दुखण्यावर चालतो, असं त्याने सांगितलं होतं.

गुलाबरावांनी पेल्यात वाकून बघितलं. तळाला त्यांचाच काप होता, कडेला टवका उडालेला. पाण्यावर तेलाची बारीक सप्तरंगी साय होती. असला गारेचा दगड तेल पितो, फटीफटीत धरून ठेवतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"वच्छलाबाई, हे पाणी पिऊ नका," ते म्हणाले. "हा दगड डिझेलात कापलेला हाय."

"तुमाले काय मालूम?"

"मीच कापला. माह्या घरी."

वच्छलाबाईंनी पेल्याकडे बघितलं, मग गुलाबरावांच्या हातांकडे. "तुमच्या घरी?" त्यांनी विचारलं. ते हो म्हणाले. मग त्यांनी विचारलं, धुतला कुठं. गुलाबरावांनी सांगितलं, मोरीत, साबणाने.

वच्छलाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, ओट्याखालच्या नालीशी गेल्या आणि थुंकल्या. चूळ भरली. परत भरली. घशात बोट घालून खोकल्या. गुलाबरावांना आधी हायसं वाटलं, म्हातारीने ऐकलं म्हणून. ते म्हणालेही की थोडंसंच गेलं असेल, डिझेलने काही होणार नाही, दवाखान्यात दाखवून घ्या.

वच्छलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "डिझेलाचं काही नाही हो, आमच्या घरात ट्रॅक्टर हाय," त्या म्हणाल्या. "पण निवृत्तीनं सांगायचं तरी होतं, कोनाच्या हातचं हाय ते." आणि दारात उभ्या असलेल्या सुनेला, अश्विनीला, त्यांनी सांगितलं की पेला राखेने घास. अश्विनी जागची हलली नाही.

गुलाबराव दुधाची पिशवी घेऊन घरी आले. मोरीत गेले, सवयीने नळ सोडला, साबण घेतला आणि थांबले. हात स्वच्छ होते. ते कशासाठी धुवायचे? त्यांनी नळ बंद केला. घूस उपसताना आली नव्हती अशी मळमळ त्यांना आता आली आणि ती बाहेर पडेना. बनाबाईला सांगितलं, तर ती भाकरी थापायची थांबली नाही.

"तुमाले आज कळलं?" ती म्हणाली. "मी बोलावलं की आठवड्याचे सातही वार तिले उपास असते."

दुपारी ते निवृत्तीच्या दुकानावर गेले. उसाच्या चोथ्यावर माशा घोंगावत होत्या. पुण्याकडचं एक जोडपं काप कपाळाला लावून डोळे मिटून उभं होतं. गुलाबरावांनी त्यांना सांगितलं की हा डोणगावकडच्या विहिरीतला दगड आहे, मी अंगणात कापलेला, त्यात काही नाही. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, श्रद्धा असते काका. दगड त्यांनी पर्समध्ये ठेवला.

निवृत्ती चिडला नाही. त्याने रसाचा ग्लास पुढे केला. ग्लासच्या कडेला आधीच्या कुणाच्या तरी ओठांची खूण तशीच होती.

"भाऊ, तुमचं नाव घेतलं असतं तं एकही गेला नसता," तो म्हणाला. "तुमच्याच भल्यासाठी नाही घेतलं."

तो हे मनापासून बोलत होता, आणि गुलाबरावांना किळस आली ती त्याचीच. उरलेले काप त्यांनी पिशवीत भरले. निवृत्तीने अडवलं नाही. त्याने पाटीखालून दुसरी पिशवी काढली. गुळगुळीत, निळे-गुलाबी रंग दिलेले बाहेरचे दगड होते. ते मांडता मांडता त्याच्या ओल्या बोटांना रंग लागत होता.

मग कित्येक आठवडे यंत्र बंद राहिलं. टाकीत गाळ खाली बसला, तेल आंबलं, झाकणाखालून वास येऊ लागला. गुलाबराव त्या बाजूला फिरकेनात. खिडकीतले काप त्यांनी डब्यात टाकले. ज्याच्या त्याच्या हाताकडे, तोंडाकडे बघून त्यांना शिसारी येई. परत भंगारात देतो, असं ते एकदा म्हणाले. बनाबाई म्हणाली, द्या, पण त्या वच्छलाबाईमुळं देत असाल तं नका देऊ.

एका दुपारी अश्विनी आली. पदराखाली नारळाएवढा दगड होता, त्यांच्या शेतातल्या विहिरीचा. सासूबाईंच्या वतीने माफी मागते, असं ती म्हणाली.

"तू नको मागू, बाई," गुलाबराव म्हणाले. "तुनं काही केलं नाही. त्यायले मागायची असली तं माहं घर काही दूर नाही."

अश्विनी खाली बघत राहिली. मग तिने विचारलं, हा कापून द्याल का. गुलाबरावांनी मास्क बांधला आणि झाकण उघडलं. घाण तेल उपसून नवं घातलं, दगड शिकंज्यात आवळला. पातं फिरू लागलं. बनाबाईने चहा आणला. अश्विनीने कप घेतला, आणि गुलाबरावांच्या लक्षात आलं की ते तिचा घोट मोजताहेत. बनाबाईही तेच करत होती. चहा पिणाऱ्या माणसाकडे असं बघावं लागतं, याची त्यांना स्वतःचीच घृणा वाटली आणि त्यांनी मान यंत्राकडे वळवली. चहा तिने संपवला की ठेवला, हे त्यांनी नंतर बनाबाईलाही विचारलं नाही.

दगड उलगडला तेव्हा आत वलयं नव्हती. मातकट तपकिरी रंग, मधे वेडीवाकडी पोकळी आणि तिच्यात ओली माती. अश्विनीने बोटाने ती माती उकरली. खाली मिठाच्या दाण्याएवढे स्फटिक लागले, तेही सगळीकडे नाहीत.

"घासला तं चमकन का?" तिने विचारलं.

"थोडा," गुलाबराव म्हणाले. "लई नाही."

"घासा मंग," ती म्हणाली, एक फाक त्यांच्यापुढे ठेवली आणि दुसरी कागदात गुंडाळून घेऊन गेली.