पहिल्या पानावरचं नाव

लाँड्रीवाल्या काकूंना रहस्यकथांचं वेड होतं. रक्ताचे सडे पडणाऱ्या नाहीत; त्या त्यांना सोसत नसत. त्यांना हवं असायचं एखादं छोटंसं गाव, तिथली बेकरीवाली किंवा निवृत्त पोस्टमास्तरीण, आणि एक खून, तोही शक्यतो पडद्याआड झालेला. पोलीस डोकं खाजवत बसायचे आणि बेकरीवाली पाव भाजता भाजता खुनी शोधून काढायची. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की काकू इस्त्रीच्या टेबलामागे स्टुलावर बसून वाचत. बस चालवणारे त्यांचे यजमान त्यांना ‘इन्स्पेक्टरीणबाई’ म्हणत, आणि काकूंना ते मनातून आवडायचं.

गावच्या वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी अशा पुस्तकांच्या वाचकांचं मंडळ जमे. सात-आठ डोकी. त्यांत सगळ्यांत वयस्कर होत्या गणिताच्या बाई. निम्म्या गावाला त्यांनी शिकवलेलं, काकूंनाही आठवीत. ताठ बसायच्या, मोजकं बोलायच्या, आणि कुणी चुकीचा तर्क लढवला की चष्म्यावरून अशा बघायच्या की समोरचा पुन्हा आठवीत जाऊन बसे.

त्या वर्षी वाचनालयात एक भलताच प्रकार सुरू झाला. नवं पुस्तक उघडावं तर पहिल्याच पानावर, कोपऱ्यात, जांभळ्या पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असे: ‘माळी.’ किंवा ‘डॉक्टरची मेहुणी.’ म्हणजे खुनी आधीच कळला, सगळा खेळ खलास! अशी अकरा पुस्तकं निघाली. ग्रंथपाल वैतागले. ‘‘सापडू दे एकदा, कार्ड कायमचं रद्द करतो,’’ म्हणाले. मंडळी हळहळली. काकू मात्र आतून फुलल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या वाट्याला एक केस आली होती.

त्यांनी वही घातली. ग्रंथपालांना गोड बोलून कोणतं पुस्तक कुणी कधी नेलं ते उतरवून घेतलं. अक्षरं नीट पाहिली. प्रत्येक शब्दावरून जांभळा फराटा उजवीकडे गेलेला. म्हणजे लिहिणारा डावखुरा, हात लिहिलेल्यावरून पुढे सरकणारा. आणि मग एके दिवशी दुकानात गणिताच्या बाईंचा राखाडी लोकरी कोट धुवायला आला. डाव्या बाहीच्या काठावर जांभळा डाग. काकूंनी स्पिरिटचा बोळा फिरवला तसा तो आणखी गडद झाला. तीच ती, ओल लागली की पसरणारी पेन्सिल! काकूंनी वही उघडून पाहिली. अकराच्या अकरा पुस्तकं बाईंनी नेलेली होती.

बाईंना बाजूला घेऊन विचारता आलं असतं. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. पण पुस्तकांत असं कधी होतं का? शेवटच्या प्रकरणात सगळे एका खोलीत जमतात. काकू आरशासमोर दोनदा बोलून बघून गुरुवारी वाचनालयात गेल्या.

‘‘मंडळी, बसा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आपला गुन्हेगार याच खोलीत आहे.’’

सगळे हसले. काकू रंगात आल्या. फराटे सांगितले, याद्या सांगितल्या, कोटाचा डाग सांगितला. कुणीतरी टाळीही वाजवली. मग त्यांनी बोट दाखवलं.

‘‘मी?’’ गणिताच्या बाई म्हणाल्या. ‘‘मी कशाला लिहीन?’’

काकूंनी पुस्तक पुढे केलं. बाईंनी चष्मा नीट केला, पान डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला, की काकूंचा हात आपोआप खाली आला.

‘‘अक्षर तर माझंच आहे,’’ बाई हळू म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. बाईंनी पिशवीतून वाचनालयाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं, आणि दाराकडे निघाल्या. दार ढकलायचं की ओढायचं, ते त्यांना पटकन कळेना. ग्रंथपालांनी उठून उघडून दिलं.

‘‘काय इन्स्पेक्टरीणबाई, सुटली का केस?’’ रात्री जेवताना यजमानांनी विचारलं.

‘‘सुटली,’’ काकू म्हणाल्या, आणि ताट तसंच सारलं.

तीन गुरुवार बाई आल्या नाहीत. त्यांचा कोट दुकानात टांगलेला होता. न्यायला कुणी फिरकेना. इस्त्री करताना मान वर केली की काकूंना तोच दिसे. शेवटी त्यांनी तो कागदात गुंडाळला आणि स्वतः घेऊन गेल्या.

दार बाईंच्या मुलीने उघडलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. काकूंना ओळखत होती.

‘‘तुम्हीच ना त्या?’’ ती म्हणाली. आत या म्हणाली नाही.

‘‘मी... कोट द्यायला आले.’’

‘‘आईला वर्षभर विसरायला होतंय. पुस्तक संपवते आणि दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. मंडळात कुणी काही विचारलं तर अडायला नको, म्हणून पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवायची. तेवढं बघून बोलता येतं ना. पण लिहिलंय हेही पुढे विसरायची.’’ तिने कोट काकूंच्या हातातून घेतला. ‘‘कुणाला कळू नये म्हणून किती धडपडायची, काकू. आणि तुम्ही नेमकं सगळ्या मंडळासमोरच...’’

काकूंना वाटलं, जमीन दुभंगावी. सगळे धागे त्यांनी अचूक जुळवले होते. फक्त ‘का’ एवढं विचारायचं राहिलं होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला, ‘‘कोण आहे गं?’’ आणि बाई स्वतः दारात आल्या. काकूंना पाहून त्यांचा चेहरा उजळला. ‘‘अगं, तू होय! ये ना. गुरुवारचं काय झालं? ही मला निघूच देत नाही. बंद केलंत की काय मंडळ?’’

‘‘बाई, मला तुमची माफी—’’

‘‘माफी? कशाबद्दल?’’

काकूंनी मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही. माफी मागायची तर घडलेलं सगळं पुन्हा सांगावं लागणार, म्हणजे तोच घाव दुसऱ्यांदा. काकूंनी शब्द गिळले. ‘‘कोटाला उशीर झाला, म्हणून,’’ त्या म्हणाल्या.

‘‘एवढंच ना!’’ बाई हसल्या.

पुढच्या गुरुवारी काकू मंडळात उभ्या राहिल्या. बाईंचं दुखणं सांगायचा त्यांना हक्क नव्हता. ‘‘त्या दिवशी मी तमाशा केला. चूक माझी होती, बाईंची नव्हती,’’ एवढंच म्हणाल्या. ग्रंथपालांनी बाईंचं कार्ड काकूंच्या हातात ठेवलं.

तेव्हापासून मंगळवारी दुकान बंद असतं त्या दिवशी काकू बाईंकडे जाऊन वाचून दाखवतात. बाई कधी मागचं प्रकरण विसरतात. मग काकू ते पुन्हा वाचतात. एखादे वेळी बाई इतक्या मोकळेपणी हसतात, की काकूंना पुस्तकातून मान वर करवत नाही. ज्यांनी माफ करायचं त्यांना काही आठवत नाही, आणि जिला आठवतं ती मुलगी चहाचा कप ठेवते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.

परवा मात्र ती दारापर्यंत आली.

‘‘पुढच्या मंगळवारी मी दिवसभर कामावर असेन,’’ म्हणाली, आणि घराची एक किल्ली काकूंच्या हातावर ठेवली. ‘‘आईला दुपारची गोळी तेवढी आठवणीने द्या.’’

माफ केलं असं ती म्हणाली नाही. काकूंनीही विचारलं नाही. गोळी किती वाजता द्यायची, तेवढं विचारून घेतलं.